अर्ध्यावरचा धवला

आमच्या गावची धवलारीण कुणालाही स्वतःला मधे थांबवू द्यायची नाही. लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंतचे धवले, म्हणजे विधींची गाणी, तीच गायची. एकदा तोंड उघडलं की मंडपातली वीज जावो की नवरदेवाचा मामा रुसो, शेवटची ओळ झाल्याशिवाय ती पाण्याचा घोटही घेत नसे. सगळं गाव तिला आजी म्हणे.

नवी मुंबईतली नोकरी सोडल्यापासून मी घरूनच मोबाइल अ‍ॅप करून देतो. गावच्या महिला मंडळासाठी लग्नगीतांचं एक केलं होतं. त्यात नुसते शब्द होते. आजीनं ते नातीच्या, प्राचीच्या, फोनवर पाहिलं आणि मला बोलावून घेतलं.

"वाचून हलद लागती का रं? हात कदी उचलाचा, नवरीकरं कदी बगाचा, ह्या कोन सांगनार?"

तिच्यामागे गाणारं कुणी नव्हतं. सून मनीषा रेवदंड्याला दवाखान्यात कामाला जाते, तिला चाली येत नाहीत. आजीबरोबर धवले जाणार, हे आजीला आमच्या आधी कळलं होतं. म्हणून अ‍ॅपमध्ये व्हिडिओ घालायचं ठरलं.

पडवीत खुर्चीवर बसून ती गायची, मी फोन स्टँडला लावून टिपायचो. फायली फार मोठ्या होत होत्या. गावात नेटवर्क जेमतेम, म्हणून मी त्या आवळल्या आणि तिला हिशेब सांगितला, "आजी, दहावा हिस्सा केला. दिसायला, ऐकायला तसंच आहे."

"मंग नऊ हिस्से टाकलंस कुटं?"

ती हसत नव्हती. मी आकड्यांचा माणूस. बेरीज जुळली नाही तर मला जेवण जात नाही. त्या रात्री मी अर्ध्या ताटावरून उठलो.

खरा वाद झाला तो थांबवायच्या बटणावरून. व्हिडिओ म्हटला की बटण असतंच. लोकांना मधे कामं निघतात, असं मी तिला समजावलं.

"मंग काम करून ये न् मंग लाव! धवला अर्दा सोराचा नस्तं."

मी बटण काढलं. प्राचीचा फोन एका जातीचा, माझा दुसऱ्या. दोन्हींवर तपासून झालं. ऐन आजीला दाखवताना माझ्या बायकोचा फोन आला आणि पडद्यावरची आजी गप्प झाली.

"कोन मेली मधी बोलली?"

"गावची सूनबाईच, आजी. माझी बायको."

"तिला सांग, मी गाताना तुला फोन कराचा नाय."

धवला मधे तुटला तर तिथून पुढे नाही, पहिल्यापासून सुरू झाला पाहिजे, असं तिनं बजावलं. दोन्ही जातींच्या फोनांवर ते जमवताना मला घाम फुटला, पण जमलं.

सात धवले झाले. पाठवणीचा तिनं शेवटी ठेवला होता. तो गाताना निम्म्यावर तिला दम लागला. तिनं स्वतःच हात वर करून मला थांबवलं.

"ह्यो पुसून टाक. अर्दा ठेवाचा नाय. उद्या पयल्यापासून गाईन."

"पुसतो," मी म्हणालो.

सकाळी मनीषाचा निरोप आला, आजी झोपेतच गेली. त्यानंतर पुसायला माझं बोट धजेना.

प्राचीचं लग्न आधीच ठरलेलं होतं. आजीनंच मला सासरी घालवायचं, असा तिचा हट्ट. आजी पुसायला सांगून गेली आहे, हे मी मनीषाला सांगितलं. ती म्हणाली, "लावा. अर्दा त अर्दा."

लग्नात फोन उंबऱ्याजवळ स्टँडला लावून स्पीकरला जोडला. सातही धवले अखंड वाजले. दुसऱ्या खोलीत आजी बसली आहे असं वाटून मी दोनदा तिकडे पाहिलं. मग पाठवणी आली. प्राची उंबऱ्याशी उभी राहिली, बाहेर गाडी फुलं लावून तयार. आजीचा आवाज चढत गेला, निम्म्यावर आला आणि तुटला; टिपलेलं तिथंच संपत होतं. पडद्यावर ती तशीच राहिली, हात वर केलेली.

कुणी हललं नाही. धवला चालू असताना नवरीनं उंबरा ओलांडायचा नाही, हे आजीनंच सगळ्यांच्या अंगी बाणवलेलं. नवऱ्याकडची माणसं एकमेकांकडे बघू लागली. प्राचीची नजर त्या हातावर होती.

"आये, आजी थांब बोलतंय," ती म्हणाली.

मनीषानं तिच्या पाठीवर हात ठेवला. "दम लागलाय तिला. तू हो फुरं. ती येल तुज्या मागशी."

प्राची बाहेर पडली. तिच्यामागे निघालेल्या बायका दाराशी आल्या, आणि एकमेकींना काही न बोलता बाजूला सरून, मधे एका माणसापुरती वाट सोडून उभ्या राहिल्या.