बेनीच्या स्कोपमधली वाकडी तार

बेनी काल गेला, आणि मी त्याला शेवटपर्यंत खरं सांगितलं नाही.

पन्नास वर्षं वेळ होता. तरी नाही सांगितलं.

आता मी ब्याऐंशीचा. झाकून ठेवायचाही कंटाळा आलाय. म्हणून इथे लिहितो.

सत्तरच्या दशकाची सुरुवात. इंग्लंडात नॉटिंगहॅमला मी हॉस्पिटलच्या डोळ्यांच्या विभागात रजिस्ट्रार, म्हणजे ज्युनियर डॉक्टर, आणि बेनी त्याच हॉस्पिटलच्या एक्स-रेमध्ये. भायखळ्याचा बेने इस्रायली, म्हणजे आपला मराठी ज्यू. पहिल्याच दिवशी कॅन्टीनच्या रांगेत मागून आवाज आला, "डागदर, ते मटण घेऊ नका, नुसतं चामडं आहे."

त्या थंडीत असं मराठी ऐकलं आणि मी पाघळलो. आठवड्याभरात आम्ही अरे-तुरेवर आलो.

बेनीला नाद एकच. एअर रायफल, म्हणजे छर्‍यांची बंदूक.

गावाबाहेर एका शेतकऱ्याच्या कोबीवर ससे तुटून पडायचे. त्याने बेनीला ते मारायची परवानगी दिली होती. शनिवारी शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, म्हणून रविवारी हा बसने जायचा.

गंमत म्हणजे त्यांच्यात ससा चालत नाही. मारायचा तो, खायचो आम्ही. सुमन, माझी बायको, झणझणीत रस्सा करायची. हा समोर बसून शेतकऱ्याने दिलेली अंडी उकडून खायचा.

"तुम्ही खाताय ना, माझं पोट भरलं," म्हणायचा.

त्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर त्याचा नेम चुकायला लागला. रविवारमागून रविवार रिकाम्या हाताने परत.

"अरे, नळीच्या टोकावरची नेम धरायची माशीच नीट दिसत नाही. बंदुकीवर दुर्बिणीचा स्कोप घ्यावा म्हणतो. तू चल बरोबर, तू डोळ्यांचा माणूस."

स्कोप आखूडच हवा होता. रायफल बसमधून न्यायला बेनीच्या बायकोने, रिबेकावहिनींनी, जुन्या पडद्याचं कव्हर शिवलं होतं. त्यांची ताकीद होती, "लांबलचक काही आणलंत तर नवीन शिवणार नाही हं."

सोमवार ते बुधवार माझं क्लिनिक. गुरुवारी दुकानं अर्धा दिवस. शनिवारी शब्बाथ. रविवारी सगळं बंद. राहिला शुक्रवार.

मी दोन रात्री ऑन-कॉल करून सरळ दुकानात गेलो होतो. उभ्या उभ्या झोपत होतो. आणि बेनीला घाई, कारण नोव्हेंबरात चारला सूर्य मावळतो, शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्तालाच सुरू होतो, आणि वहिनी त्याचे दिवे लावायच्या आत घरी पोचायला हवं.

दुकानदार म्हातारा, पण समजावणारा. बारीक नळीचा स्कोप स्वस्त, पण संध्याकाळी त्यातून अंधारच दिसतो, आणि ससे तर संध्याकाळीच बाहेर पडतात. त्यापेक्षा हा आखूड, जरा जाड, मोठ्या भिंगाचा घ्या. चारपट मोठं दिसलं तरी पुरे. जास्त घेतलात तर हात हलेल आणि ससा सापडेपर्यंत पळून जाईल.

बेनीने तो उजव्या डोळ्याला लावला आणि समोरच्या घराच्या उभ्या पाइपवर धरला.

"ह्याच्यातली नेम धरायची उभी तार वाकडी आहे रे."

दुकानदाराने दुसरा दिला.

"हीपण वाकडी."

तिसरा.

"काय रे हे, सगळा माल डिफेक्टिव्ह?"

मी तिन्हीतून पाहिलं. तिन्ही तारा सरळ होत्या.

सरळ रेघ वाकडी दिसली तर डोळ्याचा पडदा तपासा, हे आम्ही स्टुडंट्सना पहिल्या आठवड्यात शिकवायचो.

मला कळलं. तिथेच, दुकानात कळलं.

'डाव्या डोळ्याने बघ' एवढंच म्हणायचं होतं; त्याने तार सरळ दिसली की दोष उजव्या डोळ्याचा. हॉस्पिटल दहा मिनिटांवर. ड्रॉप्स टाकायचे, अंधाऱ्या खोलीत बसवायचं, तासाभराचं काम.

त्या तासाचा मला कंटाळा आला.

मी म्हणालो, "तुझे डोळे थकलेत. घरी जा, झोप काढ."

"मग हा घेऊ?"

"घे."

ज्यात तार सगळ्यात कमी वाकडी दिसली, तो आखूड स्कोप त्याने घेतला आणि बस पकडायला पळाला.

सोमवारी बोलावीन म्हटलं. सोमवारी क्लिनिकमध्ये पेशंटची रांग. मंगळवारीही रांग. बुधवारचं तर मला आठवतही नाही.

गुरुवारी तो आपण होऊन आला. उजव्या डोळ्यावर हात धरून.

"डागदर, खालून काळा पडदा वर आलाय."

डोळ्याचा पडदा, रेटिना, सुटला होता. बॉसने ऑपरेशन केलं. मी असिस्ट केलं, त्याचा डोळा उघडा धरून उभा राहिलो. डोळा वाचला. नजर गेली. उरला नुसता उजेड.

शुक्रवारीच त्याला दाखल केलं असतं तर नजर वाचली असती? बहुतेक हो. याहून गोड उत्तर माझ्याकडे नाही.

बेनी कुरकुरला नाही. त्याने रायफल डाव्या खांद्यावर घेतली, आणि दोन हिवाळे नुसते डबे उडवले. मग एका रविवारी आमच्या दारात उभा, हातात ससा.

"डागदर, डाव्या डोळ्याचा पहिला. तुझ्यासाठी."

मी तो खाल्ला.

आणि पुढे जन्मभर हा माणूस सगळ्यांना सांगत सुटला. दिवाळी पार्टीत; आणि त्याच्या लेकीच्या, रूथच्या, ब्रिस्टलमधल्या लग्नात तर माइक हातात घेऊन, "ह्याने माझा डोळा धरून ठेवला होता, म्हणून मला उजेड तरी दिसतो!"

लोक टाळ्या वाजवायचे. मी मान खाली घालायचो. लोकांना वाटायचं, काय विनय!

काल रूथचा फोन आला.

"काका, पप्पा सकाळी गेले. पीसफुली. आणि तो बंदुकीचा दुर्बीण आहे ना, तो तुमच्यासाठी ठेवलाय. पप्पा बोलायचे, डागदरने सिलेक्ट केला होता."

मी हो म्हणालो. कालसुद्धा नुसतं हो म्हणालो.

आज दुपारी त्याला लेकीच्या गावीच माती देतील. ब्रिस्टलपर्यंत जायला माझ्या पायांत आता बळ नाही.

बेनी, तार सरळ होती. तिन्ही स्कोपमध्ये सरळ होती. मला त्या शुक्रवारीच माहीत होतं, आणि मला झोप आली होती.

तुला श्रद्धांजली वाहायचा हक्क मला आहे की नाही, ठाऊक नाही. तरी वाहतो.

तुझा,
डागदर