ढेकणांचा दुसरा भाग

सातत्य म्हणजे काय ते शिकायचं असेल, तर आमच्या साडूंकडून शिकावं. दिलेला शब्द न पाळण्यात त्यांनी जे सातत्य राखलं, ते मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत दुसऱ्या कोणाला जमलं असेल असं मला वाटत नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. मूळचे रत्नागिरीकडचे, आणि भाईंदर पूर्वेला त्यांचा पेस्ट कंट्रोलचा गाळा आहे. दोन माणसं आणि एक टेम्पो एवढ्या बळावर ते झुरळं, वाळवी आणि ढेकूण मारतात, म्हणजे माणसं मारतात आणि हे फोन घेतात. फोनवर समोरचा काहीही मागो, साडू डोळे मिटतात, उजवा हात छातीवर ठेवतात आणि म्हणतात, "शब्द दिला." फोनवरच्या माणसाला हात दिसत नाही, पण साडूंना त्याचं काही नसतं. मीरा रोडच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी तर वैतागून म्हणाले होते, "भाई, शब्द अपने पास रखो, आदमी भेजो."

आमच्याकडच्या सत्यनारायणाला केळीचे खांब आणायचा शब्द साडूंनी असाच छातीवर हात ठेवून दिला होता. गुरुजी येऊन बसले, कलश मांडला, पण खांबांचा पत्ता नाही. गुरुजींना पुढच्या दोन पूजा होत्या, तेव्हा शेवटी बायकोने गॅलरीतल्या कुंडीतला मनीप्लांट तोडून चौरंगाच्या चारी कोपऱ्यांना बांधला. संध्याकाळी साडू प्रसादाला आले, चौरंगाकडे कौतुकाने बघत राहिले आणि म्हणाले, "छान दिसतंय. ही नवीन पद्धत आहे का?" अशा माणसावर रागावायचं तरी कसं? हसून सोडून द्यायची सवय आम्हा सगळ्यांना लागली, आणि हसून सोडलेला माणूस सुधारत नाही, तो मोकाट सुटतो.

असा माणूस ब्लॉग लिहू लागला. मीरा रोडच्या एका हॉलमध्ये छोट्या धंदेवाल्यांसाठी फुकट व्याख्यान होतं, आणि फुकट म्हटल्यावर साडू गेले. तिथल्या तरुण वक्त्याने सांगितलं की गिऱ्हाईक जाहिरातीला भुलत नाही, त्याला उपयोगाचं काही लिहून द्या, ठरल्या दिवशी द्या, आणि वाचकाला दिलेलं वचन पाळा. यातलं 'वचन द्या' एवढंच साडूंच्या कानात शिरलं. एक ओळ लिहून होण्याआधी त्यांनी टेम्पोच्या मागे, गाळ्याच्या शटरवर आणि नव्या व्हिजिटिंग कार्डांवर रंगवून घेतलं, 'दर शनिवारी सकाळी नऊ वाजता नवा लेख.' मी छापखान्यात मुद्रितं तपासतो, त्यामुळे लेख तपासायचं काम नात्याच्या हक्काने माझ्या गळ्यात पडलं.

पहिला लेख झुरळावर होता. 'झुरळ हा अंधाराचा अबोल यात्रिक आहे' अशी सुरुवात करून साडूंनी त्या प्राण्याच्या मिशा, त्याचा संकोची स्वभाव आणि मोरीतलं त्याचं एकाकी आयुष्य असं काही रंगवलं होतं, की ते वाचून चप्पल उचलणारा हात खाली यावा. झुरळ मारायचं कसं हे मात्र त्यात कुठेच नव्हतं. शेवटी ओळ होती, 'पुढील शनिवारी: झुरळाचे बालपण. शब्द दिला.' झुरळाचं बालपण आजतागायत कोणाला कळलेलं नाही. पुढच्या शनिवारी काहीच आलं नाही, मंगळवारी माफीनामा आला. मग त्याचीच मालिका लागली. कधी लाइट गेली होती, कधी बोट दुखावलं होतं. पितृपक्षात 'या दिवसांत जीवहत्येवर लिहू नये' असं कारण आलं. त्याच पंधरवड्यात त्यांचा टेम्पो अख्ख्या भाईंदरभर फवारत फिरत होता. माफीनामे लेखांपेक्षा लांब असत, आणि प्रत्येकाच्या शेवटी नवं वचन असे. आठवड्याला एक लेख जमत नाही म्हणून यापुढे दोन लिहीन, हे गणित फक्त साडूंनाच सुचू शकतं.

"अहो, शटरवरची ती ओळ तरी पुसून टाका," मी एकदा म्हणालो.

"साडूभाऊ, वाचतंय कोण?" ते म्हणाले. "आपण लिहीत राहायचं."

मुळात ते लिहीतही नव्हते, पण वाचतंय कोण हे मलाही पटत होतं. एक वाचक मी होतो, तोही नाइलाजाने.

मग होळीच्या आधी त्यांनी ढेकणांवर लेख लिहिला, आणि काय झालं कोण जाणे, तो लेख सरळ होता. पलंग खोला, फळ्या सुट्या करा, गाद्या-उशा बाहेर काढा, कपाट भिंतीपासून हलवा, कॅलेंडरं आणि फोटो उतरवा, सगळं अंगणात किंवा गच्चीत उन्हाला ठेवा. एवढं झाल्यावर त्यांनी लिहिलं होतं, 'आता खरा उपाय. मात्र तो घाईत सांगण्यासारखा नाही. पुढील शनिवारी सकाळी नऊ वाजता सांगतो. शब्द दिला. तोवर कोणतीही वस्तू घरात परत घेऊ नये.' हे लिहून साडू शिमग्याला गावी गेले. शनिवार आला नि गेला, पण पालखी नाचवण्याच्या नादात साडूंना ब्लॉग आठवला नाही, आणि मलाही त्यांना आठवण करून द्यावीशी वाटली नाही.

ते परतले त्या दिवशी मी गाळ्यावर त्यांची शिडी परत द्यायला गेलो होतो. फोन वाजला, आणि साडूंनी नेहमीप्रमाणे तो सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला.

"ते ढेकनांचं लिवतात ते तुमीच काय?" एका म्हातारीचा आवाज होता. "मी मुर्धा गावातनं बोलतेय."

"हो आजी, मीच. बोला."

"मंग पुढचं कवा लिवनार? सून रोज मोबाइलवर बघते. बोलते, आजून न्हाय आलं."

"येईल आजी, येईल. तुम्ही काय..."

"आमी सामान काढून बसलोय अंगनात. तुमी लिवलंय ना, आत घेऊ नका म्हनून. झोपतो पन तितंच." म्हातारी जराही चिडलेली नव्हती. पोस्टमन उशिरा का आला, हे विचारावं तसं विचारत होती. "तसा तरास काय न्हाय. पन पोर बालंतपनाला येतेय परवा. तिला ढेकनांत कशी निजवू? सामान आत घेऊ का नको, तेवढं सांगा."

साडूंचा हात सवयीने छातीवर गेला. हात तसाच खाली आला. "आजी, पत्ता सांगा," ते म्हणाले. टेम्पो कामावर गेला होता, म्हणून माझ्या स्कूटरवर आम्ही मुर्ध्याला निघालो.

म्हातारीच्या अंगणात अख्खं घर मांडलेलं होतं. पलंगाच्या फळ्या ओळीने भिंतीला टेकवलेल्या, लोखंडी कपाट आंब्याखाली, आणि नव्या बाळासाठी माळ्यावरून काढलेला पाळणा सुटा करून धुऊन ठेवलेला. मच्छरदाणी दोरीला बांधून झोपायची सोय केली होती. मागच्या नव्या टॉवरची सावली दुपारनंतर अंगणात येई, म्हणून म्हातारी आणि सून उन्हाच्या मागे मागे गाद्या सरकवत होत्या. घरात फक्त देव होते. "देवांना ढेकून न्हाय व्हत," म्हातारीने सांगितलं. मग तिने साडूंना बसायला पाट दिला आणि म्हणाली, "आलात ते बरं केलं. आता सांगा, पुढं काय करायचं?"

मला वाटलं, हा माणूस आता झुरळाच्या मिशांसारखं काहीतरी सुरू करणार. पण साडूंनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. पोटुशी बाई राहायला येणार त्या घरात औषध मारायचं नाही, असं म्हणून त्यांनी पाणी उकळायला लावलं. फळ्यांची प्रत्येक भेग, पलंगाचा प्रत्येक सांधा, पाळण्याची भोकं, सगळं ते उकळत्या पाण्याने धूत बसले. सून पातेली चढवत होती, मी वाहत होतो, आणि साडू हात भाजून घेत होते. गिऱ्हाइकाच्या घरी त्यांनी स्वतः किती वर्षांत ढेकूण मारला नसेल, देव जाणे. ऊन उतरायच्या आत आम्ही पलंग जोडून आत लावला.

"एकदा करून भागत नाही आजी," साडू म्हणाले. "अंडी राहतात. शनिवारी परत येतो."

मी सवयीने गालात हसलो. म्हातारी हसली नाही. "या मंग," एवढंच म्हणाली आणि आम्हाला चहा दिला.

परतताना खाडीच्या कडेला साडूंनी स्कूटर थांबवायला लावली. "साडूभाऊ," ते म्हणाले, "तिने चार शिव्या घातल्या असत्या ना, तर बरं वाटलं असतं. माझ्या शब्दावर सगळे हसतात, मलाही त्याची सवय झालीय. ही बाई तो खरा धरून अंगणात जाऊन झोपली." इतक्या वर्षांचे टोमणे माझ्याजवळ जय्यत तयार होते, पण त्यातला एकही मला काढवेना. मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं.

ढेकणांचा दुसरा भाग त्यांनी घरी जाताच लिहिला. त्यात पाणी कसं उकळायचं एवढंच होतं. शनिवारी ते खरोखर मुर्ध्याला गेले, आणि तेव्हापासून दर शनिवारी सकाळी नऊ वाजता लेख येतो. सरळ, कोरडा, कामापुरता. मला त्यात दुरुस्त करण्यासारखं काही सापडत नाही. 'शब्द दिला' आता कुठेच ऐकू येत नाही. काही मागितलं तर "बघतो, जमेल असं वाटतंय" म्हणतात, आणि जमवतात. खरं सांगायचं तर छातीवर हात ठेवून थापा मारणारे ते आमचे साडू मला कधीकधी आठवतात, आणि घरात जरा सुनं वाटतं.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. बायकोची ताई माहेरी गेली होती, तेव्हा रविवारी दुपारी एकला आमच्याकडे जेवायला येतो म्हणाले. रविवारी बायकोने जुन्या सवयीने तांदूळ घेतले ते आमच्यापुरतेच. साडू येतो म्हणाले आहेत, याचा आमच्या घरात आजवर तांदळाशी कधी संबंध आला नव्हता. जेवणं उरकली, भांडी मोरीत गेली, आणि एकच्या ठोक्याला बेल वाजली. दारात साडू उभे होते, धुतलेला शर्ट घालून, हातात आइस्क्रीमचा डबा. त्यांची नजर पुसलेल्या टेबलावर गेली. माझ्या बायकोचा चेहरा उतरला.

"अरे, मी जेवूनच आलोय," ते म्हणाले. "सहज डोकावलो."

बायकोने घाईघाईने पोहे टाकले. साडूंनी खाली मान घालून तीन बशा पोहे खाल्ले, आणि आम्ही दोघं समोर बसून पंख्याच्या आवाजाबद्दल बोलत राहिलो.