ओसरीवरून काष्टीला

टपालनाना चालायला निघाले की कानांभोवती मफलर गुंडाळायचे, पायांत वहाणा सरकवायचे, काठी घ्यायचे आणि स्वयंपाकघराकडे बघून म्हणायचे, "येतो हां." जायचं कुठे, तर ओसरीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. घरातल्या घरात वहाणा घालून फिरणारा दुसरा माणूस मी अख्ख्या अकोले तालुक्यात पाहिला नाही. आणि स्वयंपाकघरात तरी कोण होतं? नानांच्या बायकोला, काकूंना, जाऊन चार वर्षं झाली होती.

सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराला मी त्यांच्याकडे खोली घेऊन राहत होते. शाळेतली माझी पहिलीच नेमणूक. जन्म नगरच्या पेठेतला, त्यामुळे डोंगराकडची थंडी कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. शाळेची वेळ होईपर्यंत मी शेगडीला चिकटून बसायची. दोन दिवस नानांनी बघितलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बाई, शेगडीपाशी बसून थंडी जात न्हाई. ती मांडीवर येऊन बसती. उठा, शंभर पावलं टाका." मी उठले ती त्यांची कटकट थांबावी म्हणून. पण पंधरा दिवसांत मला त्या चालण्याची चटक लागली आणि त्यांनी "येतो हां" म्हटलं की आतून "या नाना" म्हणायचीही सवय जडली. पहिल्यांदा मी तसं म्हटलं तेव्हा ते क्षणभर थबकले होते. मग काठी टेकत चालू लागले.

नानांनी तीस वर्षं डोंगरातल्या गावांची टपालाची थैली खांद्यावर टाकून पायी वाहिली होती. त्या तीस वर्षांनी गुडघे नेले. उन्हापावसात ते बाहेर फिरायचे, पण दिवाळी सरली की गारठ्यात पाय उचलेना. म्हणून मग ओसरी. त्यातही काम सरकारी शिस्तीचं. दीडशे खेपा म्हणजे एक मैल, हे त्यांनी स्वतः मोजून ठरवलेलं. दहा खेपा झाल्या की कोनाड्यातला एक चिंचोका डावीकडून उजवीकडे. मध्येच पाहुणा आला तरी खेप पुरी करूनच "रामराम" म्हणायचे. पाहुणा बिचारा पायरीवर उभा.

दुपारी गोधडी. स्वतःच्या जुन्या खाकी वर्दीचे आणि काकूंच्या लुगड्यांचे तुकडे मांडीवर पसरून नाना दोऱ्याला मेण लावत बसायचे. शेजारच्या बायका हसायच्या, गोधडी शिवणारा गडी आमी पयल्यांदाच बघतोय म्हणायच्या. नाना मान वर न करता म्हणायचे, "मग टपालाच्या फाटक्या थैल्या काय तुमच्या आयांनी शिवल्या हुत्या व्हय?" त्यांचा टाका थैलीचाच होता, जाडजूड आणि ओढून घेतलेला. मलाही त्यांनी सुई धरायला लावली. "थंडीत हात मोकळा ठिवू नका. हात गार पडला की डोस्कं नको तिथं जातं." त्यांचं डोकं कुठे जात होतं, ते मला दोन हिवाळे कळलं नाही.

कोनाड्याच्या बाजूला भिंतीवर खडूनं गावांची नावं लिहिलेली होती. संगमनेर, लोणी, कोल्हार, राहुरी, नगर. मला वाटलं, टपालाच्या जुन्या आठवणी असतील. पण दुसऱ्या हिवाळ्यात नगरच्या खाली कोळगाव आलं, तिसऱ्यात श्रीगोंदा आलं आणि मग नावं थांबली. नानांचं चालणंही थांबलं. आठ दिवस ते जागच्या जागी पाय हलवत भिंतीला धरून उभे राहायचे. मी विचारलं, गुडघा धरला का?

"न्हाई वो. फुडं मैलावर काष्टी हाय."

काष्टीला त्यांची एकुलती लेक दिली होती, सखू. इतकं मला माहीत होतं. तीन हिवाळे नाना लेकीकडे चालत निघाले होते, हे त्या दिवशी कळलं. मी हसून म्हटलं, "अहो, एसटीनं जा की. एका दिवसात पोचाल." त्यावर त्यांनी सुई गोधडीत खोचून ठेवली आणि सगळं सांगितलं.

लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. सखूच्या लग्नाला बारा वर्षं झाली, मूल नाही. सुरुवातीला नाना जायचे ते घरून पाण्याचा फिरकीचा तांब्या भरून घेऊन. पाचव्या-सहाव्या वर्षी सखूनं दारातच तो तांब्या हातातून घेतला, अंगणातल्या तुळशीत रिकामा केला आणि म्हणाली, "नाना, माझ्या घरचं पानी गोड लागंल तवाच या." नाना तसेच उलट पावली फिरले. त्यानंतर गेले नाहीत. काकू गेल्या तेव्हा सखू आली, रडली, आणि बापाशी एक शब्द न बोलता परत गेली.

मला राग आला. तेव्हा यायचाही फार. म्हटलं, "नाना, तिला मूल झालंच नाही तर तुम्ही जन्मभर तिच्या दारात तहानलेलेच उभे राहणार? यात तिचा काय गुन्हा?"

"रीत हाय बाई."

"रीत तुम्हाला आहे. शिक्षा तिला."

त्यांनी सुई पुन्हा उचलली. मी तणतणत शाळेत गेले. नंतर वाटलं, आपण फार बोललो. आज वाटतं, मी आधी का नाही बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर पुन्हा काठीचा आवाज सुरू झाला. चिंचोके सरकत होते. मी वह्या तपासत बसले होते. बऱ्याच वेळानं नाना पलीकडच्या भिंतीशी खाली बसले आणि म्हणाले, "काष्टी आलं. बाई, पानी द्या." मी धावत तांब्या-भांडं नेलं. त्यांनी भांडं ओठांपर्यंत नेलं आणि तसंच खाली ठेवलं.

"हे न्हाई चालायचं. हे अकोल्याचं हाय." मग बाहेर बघत म्हणाले, "औंदा दुष्काळात त्या मुलखाला प्यायला पानी न्हाई म्हनत्यात. आन् मी हुतं तवा नगं म्हनून बसलो."

ते उठले. गोधडीची एक कड शिवायची राहिली होती, तशीच तिची गुंडाळी करून सुतळीनं बांधली. मफलर, वहाणा, काठी. स्वयंपाकघराकडे बघून "येतो हां" म्हणाले आणि त्या हिवाळ्यात प्रथमच ओसरीची पायरी उतरले. मी हातात भांडं घेऊन नुसती उभी. नेहमीचं "या नाना" माझ्या तोंडून निघालंच नाही. नाना गल्लीच्या टोकाला एसटी स्टँडकडे वळले तेव्हा लक्षात आलं.

पंधरा दिवसांनी सखूचं कार्ड आलं. अक्षर दुसऱ्या कुणाचं तरी, पण बोलणं तिचंच. नानांनी दारात उभ्यानंच पाणी मागितलं. तिनं तीनदा विचारलं, खरंच पिता का. मग दिलं. दोन तांबे प्यायले. विहिरीला पाणी नव्हतं, टँकरचं होतं, जरा गढूळ. नाना म्हणाले, लई गोड हाय. खाली लिहिलं होतं, "सकाळी आमच्या ओसरीवर चालतात. बाई वाट बघत असतील, अकोल्याला निघालोय म्हणतात. काल श्रीगोंदा झालं."

उन्हाळ्यात माझी बदली झाली. खोलीची किल्ली शेजारी देऊन मी निघाले. पुढच्या थंडीत नव्या शाळेत दुसरं कार्ड आलं, अकोल्याचा पत्ता खोडून पुढे पाठवलेलं, दोन गावांचे शिक्के बसलेलं. नाना झोपेतच गेले होते. अंगावर तीच गोधडी होती, राहिलेली कड सखूनं शिवलेली. शेवटची ओळ होती, "राहुरीपर्यंत आले होते."

आता माझेही गुडघे धरतात. डॉक्टरांनी थंडीत घरातच चालायला सांगितलंय. सून म्हणते, आई, घरात चपला कशाला? मी ऐकत नाही. राहुरीपासून चालायला सुरुवात केली होती. कोल्हार झालं, लोणी झालं, या हिवाळ्यात संगमनेर होईल. तिथून अकोले जवळच आहे. पोचले की त्या ओसरीवर उभी राहून एवढंच म्हणायचंय, "या नाना."