डोंगेवाल्याची बायको

माझं आणि माझ्या थोरल्या जावेचं बोलणं बंद झालं ते एका दंडारीपायी. हे सांगितलं की लोक हसतात. त्यांना वाटतं, मूळ कारण दुसरं असेल, शेताचं किंवा सासूच्या दागिन्यांचं. तसं काही नव्हतं. आम्ही दंडारीवरूनच भांडलो, आणि जीव तोडून भांडलो.

दिवाळी सरली की आमच्या चांदा जिल्ह्यात गावोगाव मंडई भरते. आज या गावात, आठ दिवसांनी पुढच्या. शिंगाडे, ऊस, मुरमुरे यांची दुकानं लागतात, पाहुणे येतात आणि दुपारी मांडवात दंडार होते. नाच, गाणी, लढाया, सोंगं. कामं करणारे सगळे गावचेच बाप्ये, राणीसुद्धा मिशा काढलेला बाप्याच. दंडार त्याच दिवशी संपायची, लोक उसाचे कांडे खांद्यावर टाकून घरी जायचे.

मालगुजारांची जमीनदारी गेली त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी आमच्या गावच्या शिंप्यानं नवीनच टूम काढली. त्यानं एक गोष्ट रचली आणि तिचे चार भाग केले. पहिला भाग आमच्या मंडईला, दुसरा पलीकडच्या गावात, असे चार गावांत चार. प्रत्येक भाग अशा जागी तोडायचा की लोकांच्या घशात घास अडकावा. गोष्ट होती वैनगंगेच्या तळाखाली असलेल्या राज्याची. तिथल्या मायावी राजानं एका राजपुत्राच्या बहिणीला पाण्याखाली नेऊन दगड केलेलं असतं. राजपुत्र तिला सोडवायला निघतो आणि त्याला एक म्हातारा डोंगेवाला भेटतो.

राजपुत्राचं काम माझ्या जावेच्या भावाकडे होतं, तिचं माहेर गावातलंच. गोरा, उंच, आवाज खणखणीत. डोंगेवाल्याचं काम माझ्या नवऱ्याकडे.

माझा नवरा वाढई. वासल्यानं लाकूड तासून बैलबंड्यांची चाकं, नांगर, दारांच्या चौकटी करायचा. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि त्या तीन वर्षांत त्याचं माझ्याशी बोलणं म्हणजे भात वाढ, पाणी दे, वासला कुठी ठेवला, एवढंच. मारझोड नाही, दारू नाही, पण बोलणंही नाही. मला वाटायचं, या माणसाच्या आत लाकडाचा भुसाच भरलेला आहे.

पहिल्या भागात हा माणूस बांबूच्या डोंग्यात उभा राहिला आणि काठावर सोडलेल्या बायकोला हाक मारून म्हणाला, "दिवा लावून ठेवजो. पाणी उतरलं का मी आलोच." बस, एवढंच. पण त्यानं ते असं म्हटलं की मांडवातल्या बायका पदरात तोंड खुपसून रडल्या. मीही रडले. काठावर कोणी नव्हतंच, नुसता मांडवाचा खांब होता. पण मला तिथं बाई दिसली.

दुसऱ्या भागात तो आपल्या वाट्याचा भात राजपुत्राला देतो आणि स्वतः उपाशी वल्हं मारतो. त्या आठवड्यात गावात राजपुत्राचं नाव कोणी घेईना. ज्याच्या त्याच्या तोंडी डोंगेवाला. विहिरीवर बायका मला आधी पाणी भरू द्यायच्या. जावेला ते झोंबलं. "माह्या भावानं खरे आसू काढले," ती म्हणायची, "ते कोणाले दिसलंच नाई." मी म्हणायची, "बाई, तो आसू काढते खरा, पण काढताना लोकाइकडे पाहते." आमचं वाकडं इथूनच सुरू झालं. मीही काही कमी नव्हते.

तिसरा भाग नदीपलीकडच्या गावात. आम्ही भल्या सकाळी निघालो, सहा कोस चाललो. भाग संपत आला, राजपुत्र पाण्याखालच्या राजवाड्याच्या दाराशी पोचला, आणि डोंगेवाल्यानं वल्हं गुडघ्यावर घेऊन मोडलं. पाठ सरळ केली. म्हाताऱ्याचा आवाज गेला आणि दुसराच एक थंड आवाज आला. डोंगेवाला म्हणजेच तो मायावी राजा. खरा डोंगेवाला कधीच नव्हता. काठावरची बायकोही नव्हती. आणि पडदा पडला.

मांडवातले लोक उठून उभे राहिले. मग ओरडा सुरू झाला. "लबाड!" "हरामखोर!" शिव्या शिंप्याला नव्हत्या, माझ्या नवऱ्याला होत्या. एका म्हातारीनं मुरमुऱ्याचं अख्खं गाठोडं पडद्यावर फेकलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही धानाच्या बांधीत कापणीला होतो. ओळीनं बारा-पंधरा बाया, हातात विळे आणि तोंडी एकच विषय.

"मले पहिल्याच दिवशी समजलं होतं," जाऊ म्हणाली. "डोंगा अडकला तवा थो पाण्यात उतरला का? नाई. माह्या भावाले उतरवलं. काऊन? नदीचा राजाच तो. पाय लावला असता तर पाण्यानं ओळखलं नसतं का?"

बायका वाकल्या होत्या त्या उभ्या राहिल्या. खरंच की. निळं धोतर दोघांनी दोन टोकांना धरून हलवायचं, ती आमची नदी, आणि डोंगेवाला त्यात एकदाही उतरला नव्हता.

मला हसू आलं. "अवं बाई, त्याच्या पायाले वासला लागला होता. हळद भरून मीच फडकं बांधलं. धोतर घासलं असतं म्हणून नाई उतरला."

"मंग दुसऱ्या मंडईले काऊन नाई उतरला? आठ दिवसात जखम सुकत नाई का?"

"खोल होती."

"एवढी खोल होती तर लंगडला काऊन नाई?"

त्या जखमेचा असा पंचनामा झाला की शेवटी माझ्या तोंडाला कोरड पडली. शिंप्यानं पहिल्या भागातच खूण पेरली होती, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मी पायाचं सांगते म्हणजे काहीतरी लपवते.

मग जाऊ हळूच म्हणाली, "हिले सगळं ठाऊक होतं. नवऱ्यानं घरी सांगतलंच असन. आपण रडून राह्यलो होतो, आन् ही मनातल्या मनात हासत होती."

ते एक वाक्य पुरलं. दुपारी पाण्याचं मडकं माझ्यापासून दूर सरकवलं गेलं. माझ्या दोन्ही बाजूंच्या बायका दुसऱ्या ओळीत गेल्या. मी एकटी कापत राहिले. कोणी माझ्याशी भांडलंही नाही. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

विळा हातात तसाच घेऊन मी भर दुपारी त्याच्या कामाच्या मांडवात गेले. तो चाकाचा आरा तासत होता.

"मले सांगतलं काऊन नाई तुमी?"

"का?"

"का म्हणे! तो डोंगेवाला खोटा आहे म्हणून!"

त्यानं वासला खाली ठेवला. "मलेच ठावं नव्हतं. शिंप्यानं आदल्या दिवशी सांगतलं. पहिले दोन भाग तो मले खराच वाटला. खराच समजून केला मी."

"आन् काठावरची बायको?"

"ते बी खोटीच निंगाली म्हणे."

"मी दोन मंडया रडली तिच्यासाठी," मी म्हणाले आणि मला संताप आवरेना. "घरी एक शबुद फुटत नाई तुमच्या तोंडातून. तिथी त्या खांबाले सांगता दिवा लाव म्हणून. आन् तेबी खोटं!"

तो माझ्याकडे बघत राहिला. पहिल्यांदाच बघितल्यासारखा. "रडली तू?" एवढंच म्हणाला. मी विळा घेऊन तशीच माघारी फिरले. त्या आठवड्यात मी त्याला भात वाढला, पण ताट आदळून वाढला.

इकडे शिंप्याकडे लोकांची रीघ लागली. गोष्ट बदल, नाहीतर चौथा भाग होऊ देत नाही. डोंगेवाल्यावर कोणीतरी मंत्र टाकला होता असं दाखव, शेवटी त्याला शुद्धीवर आण. शिंपी घाबरला आणि कबूल झाला. माझा नवरा झाला नाही. शिंपी आमच्या अंगणात येऊन हात जोडत होता, जाऊ दारात उभी राहून ऐकत होती.

"दोन वाक्य तं म्हणाचे आहेत," शिंपी म्हणाला.

"मी वल्हं मोडलं तवा खरंच मोडलं," नवरा म्हणाला. "आता मंत्र होता म्हणू? मी नाई म्हणत. दुसरा पाहा."

आठ दिवसांत दुसरा मिळणार कुठून? चौथा भाग काही न बदलता, त्यालाच घेऊन उभा राहिला. त्या सकाळी तो मुंडासं बांधायला माझ्यासमोर बसला. मी उठून चुलीपाशी गेले. त्यानं स्वतःच बांधलं, वेडंवाकडं.

चौथ्या गावात एवढी गर्दी मी कधी पाहिली नव्हती. तो मांडवात आला तेव्हापासून लोक हुर्यो करत होते. त्यानं आवाज चढवला नाही. तो हळू बोलत गेला आणि शिव्या देणाऱ्यांनाच ऐकण्यासाठी गप्प बसावं लागलं. मी मनात म्हटलं, किती दुष्ट माणूस आहे हा. आणि लगेच म्हटलं, किती छान करतो आहे.

शेवटी लढाई. राजपुत्राच्या हातात माझ्या नवऱ्यानंच तासलेली लाकडी तलवार. ती अंगाजवळून न्यायची, लावायची नाही, असं ठरलं होतं. जावेच्या भावानं ती पूर्ण ताकदीनं कानशिलावर मारली. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. नवरा पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मग मातीची ढेकळं यायला लागली.

माझ्या शेजारी जाऊ उठली. तिच्या हातात ढेकूळ होतं. तिनं फेकलं, ते त्याच्या पाठीला लागून फुटलं. मग तिनं दुसरं उचललं.

मी तिचा अंबाडा धरला.

पुढचं मला सलग आठवत नाही. तिनं माझ्या दंडाला चावा घेतला, मी तिला खाली पाडलं. दोन्ही बाजूंच्या बाया आमच्यावर पडल्या. कोणी मला लाथ मारली, मी कोणाची तरी बांगडी फोडली. शिंगाडेवालीची टोपली लवंडली. एवढ्या गोंधळात मी एकदा मान वर करून मांडवात बघितलं. नवरा पडला होता तसाच पडून होता. कानातून रक्ताची बारीक धार गळ्यापर्यंत आली होती. त्याची पापणी लवत नव्हती. शिंप्यानं धावत जाऊन पडदा पाडला तेव्हा कुठे तो उठला.

परतीच्या वाटेवर मी त्याला बोल बोल बोलले. "बायकोले चार जणी तुडवून राह्यल्या आन् तुमी आपले आडवे!"

"मेला होतो मी," तो म्हणाला.

"तं का झालं?"

"मेलेला माणूस उठते का व?"

मी रस्त्यातच बसले. हसावं की त्याला दगड घालावा, ते मला समजेना. तो माझ्यापाशी उभा राहिला. कानावर हात दाबून धरलेला.

त्या कानानं त्याला पुढे नीट ऐकू आलं नाही. जावेचा भाऊ विचारायला आला नाही. माघात आमच्या चुली वेगळ्या झाल्या आणि अंगणात बांबूच्या तट्ट्याची भिंत उभी राहिली. आमचे नवरे भाऊ भाऊ, ते एकमेकांशी बोलत, आम्ही दोघी नाही. गावानं एक हंगामभर चाकं दुसरीकडून करून घेतली, मग दुसरा वाढई चार कोस लांब म्हणून लोक गुमान परत आले. पण त्याच्या दारात उभं राहून कोणी काही कबूल केलं नाही. तीस वर्षांनी जाऊ गेली, तेव्हा मी तिच्या अंगाला हळद लावली, पण मन साफ होतं असं म्हणणार नाही.

पुढच्या दिवाळीनंतर शिंप्यानं नवी गोष्ट आणली. नवऱ्याला कोणी विचारलं नाही आणि तो बघायलाही गेला नाही. मी गेले. जाऊ मांडवाच्या त्या टोकाला, मी या टोकाला. दंडार अगदीच पचपचीत झाली. घरी आले तेव्हा तो ओट्यावर बसला होता.

"कसी झाली?" त्यानं विचारलं.

मी सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. त्यानं मध्ये मध्ये इतके प्रश्न विचारले की तेवढे लग्न झाल्यापासून विचारले नव्हते.

"राजाचं काम करणारा रडताना लोकाइकडे पाठ करते का?"

"हाव. पूर्ण पाठ."

"गधा आहे," तो म्हणाला आणि सरकून मला बसायला जागा केली.