कंपनीत पोरं उजवणारे सर

पोरी उजवणारे बाप म्या लई बघितले, पण दुसऱ्याची लेकरं कंपनीत उजवणारा माणूस साऱ्या औरंगाबादेत एकच झाला, अन तो माझ्या माडीवर राहायचा. सर युनिव्हर्सिटीत शिकवायचे. काय शिकवायचे ते मला नीट सांगता नाय यायचं, औषधाच्या रसायनाचं कायतरी. पण खरा जीव त्यांचा ट्रेनिंगमधी. शेवटच्या वर्षाच्या पोरापोरींनी सहा महिने कंपनीत राबून काम शिकायचं, त्याबिगर डिग्री हातात पडत नसायची. बाकीचे मास्तर म्हणायचे, जा, बघा तुमचं तुम्ही. सर म्हणायचे, "आक्का, ही सोयरीक हाय. घर बघितल्याबिगर लेकरू द्यायचं नाय."

मला हे बोलणं पटायचं. मला देताना घर कुणी बघितलं नव्हतं. रझाकाराच्या वक्ताला मी मायच्या अंगावर व्हते, कळती झाले न झाले तोच पिशोरहून लांब दिली, अन तिथं गेल्यावर कळलं की पाणी कोसभरावरून डोक्यावर आणायचं. मालक लवकर गेले. दोन पोरी घेऊन बेगमपुऱ्यात आले अन युनिव्हर्सिटीच्या पोरांच्या भाकरी थापायला बसले. रडायला फुरसत नव्हती, चूल येळेवर पेटली पाहिजे व्हती. त्याच खानावळीवर दोन पोरींचं लग्न केलं, वर एक खोली चढवली, अन त्या खोलीत हे सर आले. आले ते ट्रंक खाली ठेवायच्या आधी मला विचारतात, "आक्का, पोरींच्या टायमाला तुम्ही समोरच्या घरात पहिलं काय बघितलं?" म्या म्हणलं, "रांजण." तवापासून सर कुठल्याबी कंपनीत गेले की पहिलं पाण्याची टाकी बघायचे.

साहेब लोक मोठ्या कौतुकानं मशिनी दाखवायला न्यायचे, अन हे आपले मधीच गायब. शोधायला जावं तर कँटीनमधी आचाऱ्याची डाळ चाखतायत. बायकांच्या संडासाला कडी हाय का, ते दाराबाहेर उभं राहून आतल्या बाईला विचारायचे. एकदा चिकलठाण्याच्या एका बड्या कंपनीनं चार पोरं मागितली. दुसरा असता तर पेढे वाटले असते. ह्यांनी साफ नकार दिला. का? तर गेटवरचा वॉचमन एका पोराला "ए, हट" म्हणला. "ज्याच्या दारातच बोलायची रीत नाय," सर म्हणले, "त्याच्या चुलीपाशी काय असंल?"

अन ऐब झाकायचे नाय. करमाडचा एक पोरगा व्हता, डोक्यानं लई तल्लख, पण सकाळी उठवायला गडी लावावा लागायचा. सर त्याला घेऊन साहेबासमोर बसले अन पहिलंच वाक्य काय, तर "पोरगं सोन्यासारखं हाय, पण नऊच्या आत जागं व्हत नाय." पोरगं लाल झालं. साहेब हसले अन दुपारची पाळी दिली. "झाकलेला ऐब सासरी गेल्यावर भडकतो," हे मलाच शिकवायचे, दोन जावई केलेल्या बाईला.

एकाचं जमलं की सरांना घर पुरायचं नाय. मी राकेलच्या लायनीत उभी व्हते, पुढं-मागं बाया डबे घेऊन तकरार करतायत, अन हे सायकल आडवी टाकून वराडत आले, "आक्का, जमलं, पैठणच्या पोराचं जमलं." सायकलचं पुढचं चाक अजून फिरतंय. लायनीतल्या एका बुढीनं विचारलं, "किसकी शादी है बेटा?" तर हे तिला समजावत बसले, शादी नाय, ट्रेनिंग हाय, कंपनी कशी, पाळी कोणती, डाळ कशी. बुढीनं मन लावून ऐकलं अन त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. सोताचं लग्न मात्र केलं नाय. एकदा म्या छेडलंच, "जगाची जमवता, तुमचं का राहिलं?" म्हणले, "आक्का, माझं ट्रेनिंगच झालं नाय."

पण एका साली त्यांचा असा कस लागला की मलाबी घोर पडला. देवगाव रंगारीची संगीता माझ्याकडंच राहायला-जेवायला व्हती. शांत पोर, पहिल्या नंबरात पास व्हणारी. वाळूजच्या औषधाच्या कंपनीनं तिला घ्यायचं कबूल केलं, सर दोन दिवस जमिनीवर नव्हते. तिसऱ्या दिवशी तिचा बाप आला तो वळकटी बांधायलाच. संगं तिची आत्या. "शिकली तेवढं बास झालं," बाप म्हणला. "परक्या लोकांत सहा महिने पोर टाकली तर तिला उद्या करून कोण घेईल?" संगीता भिंतीला टेकून उभी, डोळ्यात टिपूस नाय, नुसती ओढणी पिळतेय. सर माडीवरून दोन-दोन पायऱ्या उतरत आले. भांडले नाय. म्हणले, "पाटील, बराबर हाय तुमचं. घर न बघता पोर देऊच नका. चला, बघायला जाऊ. नाय आवडलं तर तिथूनच गावाकडं न्या." मग माझ्याकडं वळून म्हणले, "आक्का, लुगडं बदला. वरमायबिगर बघाय जात नाय."

म्या म्हणलं, "मी कुणाकडून?"

"दोन्हीकडून," म्हणले.

जीपनं निघालो. वाटभर आत्या बोलत व्हती. कंपनीतली साहेब बाई मोठी मायाळू, पण बाहेरगावची. आत्यानं जाऊन संडासाची कडी चार वेळा लावली-काढली, टाकीचं झाकण उघडून वास घेतला. बापानं एकच विचारलं, "बाई, पोरीला कुणी वंगाळ बोललं तर तिनं कुणाला सांगायचं?"

"मला," बाई म्हणली.

"अन तुम्हीच बोललात तर?"

"मग तुम्ही या, अन मला बोला."

तेवढ्यात शिपाई चहा घेऊन आला, चांगला कपबशीत, बिस्किटं. म्या घेतला, सरांनी घेतला. बापानं कपावर हात आडवा धरला. आत्यानंबी बशी हळूच लांब सारली. बाई म्हणली, "चहा चालत नाही? थंड मागवू? निदान पाणी?" बाप म्हणला, "काय नको. पाणीबी नको."

सरांचा चेहरा असा उतरला की काय सांगू. इतक्या सोयरिकी जमवल्या, चहा नाकारला म्हणजे स्थळ नाकारलं हे त्यांना पक्कं ठाऊक. कप हातात तसाच. संगीतानं मान खाली घातली, अन पायाच्या अंगठ्यानं फरशी घासायला लागली. सर कसेबसे म्हणले, "पाटील, कमी काय वाटलं? मोकळं सांगा. पाणी गोड हाय, म्या पिऊन बघितलंय."

बाप त्यांच्याकडं बघतच राहिला. "कमी कशाला असंल? पोर दिली ना आता हितं. दिल्या घरचं पाणी बापानं कसं प्यावं?"

सर ताडकन उठले. खुर्ची मागं पडली. बापाच्या गळ्यात पडले, शिपायाच्या पडले, बापाचा कप पिले, आत्याचा पिले, अन संगीता तोंडावर ओढणी धरून हसत व्हती का रडत व्हती, मला कळलं नाय. त्या साहेब बाईला काहीच उमगेना, म्या तिला समजावून सांगितलं की लेकीच्या घरी मायबाप पाण्यालाबी शिवत नाय. तिनं विचारलं, "मग पाणी पिणार तरी कधी?"

"नातू झाल्यावर," आत्या म्हणली.

"सहा महिन्यात?" बाई घाबरलीच.

सर म्हणले, "पक्की नोकरी लागू द्या बाई, तोच नातू समजू."

ठरल्या दिवशी संगीता कंपनीच्या बसमधी बसून गेली. पुढं तिथंच कायमची लागली, चांगलं झालं तिचं. पण ती गेली त्या संध्याकाळी सर खाली जेवायला आले ते हात धुऊन पाटावर नुसते बसून राहिले. खानावळीत दुसरं कुणी नव्हतं.

"आक्का, आता कोण राहिलं?"

"कुणी नाय. यंदाची समदी गेली."

"बरं झालं," म्हणले. मग बऱ्याच येळानं, "वाढा."

म्या ताट वाढलं अन समोर बसून राहिले. दोन लेकी सासरी धाडलेल्या माझ्या, ते रिकामं घर कसं लागतं मला कुणी सांगायची गरज नव्हती. असं त्यांचं दर साली व्हायचं, नवी पोरं येईस्तवर. मग रिटायर झाले अन भावाकडं लांब निघून गेले. आता माडीवर दुसरा एक मास्तर राहतो. सोभावानं गरीब हाय बिचारा, कवा आला कवा गेला कळतबी नाय. दार लावून घेतो.