हळदीचा डाग

माझी मुलगी इथे कुवेतमधल्या भारतीय शाळेत पहिलीत होती. शाळेच्या लायब्ररीतून आणलेलं हत्तीचं पुस्तक ती जेवताना वाचत बसली आणि पानावर हळदीचा डाग पडला. लायब्ररीच्या बाईंनी ते पान सगळ्या वर्गाला दाखवलं. "हिच्या घरी पुस्तकं स्वयंपाकघरात ठेवतात वाटतं," म्हणाल्या आणि वर्षभर तिला पुस्तक बंद केलं. बाई पुण्याच्या, बोलणं अगदी गोड. मी जाऊन भांडले, तर म्हणाल्या, "ताई, लहान मुलांनी पुस्तकं लांबूनच बघावीत."

त्यानंतर लायब्ररीच्या तासाला मुलगी रिकाम्या हातानं बसायची. घरी गोष्टीचं पुस्तक पुढे केलं की म्हणायची, "नको आई, खराब होईल." तेव्हाच मी ठरवलं, या बाईला सोडायचं नाही.

माझा धंदा जुन्या फर्निचरचा. कुवेत कायमचं सोडून जाणारी कुटुंबं घरातलं सामान विकायला काढतात, तेव्हा मी मंगफपासून हवल्लीपर्यंत फिरते. मुलांची पुस्तकं हे लोक सरळ कचऱ्यात टाकतात. मी सौद्यात अट घालू लागले: सोफा उचलते, पण पुस्तकं त्यातच. खैतानच्या आमच्या फ्लॅटचा हॉल भरला. इमारतीतली पोरं जमिनीवर लोळून वाचू लागली. पुढे माझी मुलगीही त्यांच्यात लोळायला लागली, हातात चिवडा घेऊन. मी एका शब्दानं अडवलं नाही.

मग शाळेनं लहानांसाठी नवी लायब्ररी काढली. कपाटं आली, पुस्तकं नव्हती. मुख्याध्यापिका माझ्या दारात आल्या.

"देते," मी म्हटलं. "कपाटांना कुलूप नको. पहिलीपासून सगळ्यांना पुस्तक घरी न्यायला मिळायला हवं. आणि पहिलं पुस्तक तुमच्या लायब्ररीच्या बाईंनी माझ्या मुलीला द्यायचं, वर्गासमोर."

"हे जरा जास्त होतंय हो."

"मग एखादा सोफा घेऊन जा. पुस्तकं राहू देत."

शेवटी त्या कबूल झाल्या. नवी लायब्ररी उघडली त्या दिवशी मी मुद्दाम दारात उभी राहिले. बाईंनी ओठ आवळून पुस्तक पुढे केलं. मुलीनं ते घेतलं, कपाटाकडे पाहिलं आणि विचारलं, "मिस, दोन नेऊ?"

बाईंनी मुख्याध्यापिकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी ढिम्म हलले नाही. उत्तर त्यांच्याच तोंडून हवं होतं मला.

"ने," त्या म्हणाल्या.