शाळा भरते

जर्सी सिटीतल्या आमच्या बिल्डिंगचे वॉचमनकाका दक्षिण सुदानचे. आलेलं पार्सल कानाशी हलवून बघितल्याशिवाय देत नाहीत.

त्यांच्या गावची चर्चची शाळा यादवी युद्धात जळाली होती, ती नुकतीच पुन्हा उभी राहिली. तरी काका धास्तावलेले. ‘‘युद्धात हल्ला होणार असला की घंटा वाजायची आणि मुलं रानात पळायची. आता घंटा ऐकून काय करतील?’’

‘‘आमच्याकडे घंटा झाली की ‘शाळा भरते’ म्हणतात,’’ मी अर्थासकट सांगितलं.

‘‘विहीर भरते तशी?’’ ते शब्द त्यांनी दोनतीनदा तोंडात घोळवले.

काल त्यांनी मला गावाहून आलेलं रेकॉर्डिंग ऐकवलं. घंटा, आणि लगेच धावणारी पावलं. मी दचकून काकांकडे बघितलं.

‘‘पुढच्या बाकासाठी पळतायत,’’ काका हसले. मग चक्क मराठीत म्हणाले, ‘‘शाळा भरते!’’